खचणाऱ्या बेटावरचा विमानतळ : पाया म्हणजे नेमकं काय?

आज मी तुम्हाला एका विमानतळाची गोष्ट सांगणार आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला विमानतळाशी काय देणंघेणं, असं काहींच्या मनात येईल. खरं सांगायचं तर मला त्या विमानांमध्ये फारसा रस नाही. मला रस आहे तो विमानतळाखालच्या जमिनीत. ही जमीन माणसाने भर समुद्रात तयार केली. ती खचणार, हे बांधायच्या आधीच ठाऊक होतं. ती आजही खचते आहे. आणि तिच्यावरून रोज विमानं उडताहेत, उतरताहेत.

जपानमधल्या ओसाका शहराजवळचा हा कान्साई आंतरराष्ट्रीय विमानतळ. ४ सप्टेंबर १९९४ रोजी तो सुरू झाला. किनाऱ्यापासून साधारण ५ किलोमीटर आत, ओसाकाच्या उपसागरात, सुमारे ५१० हेक्टरांचं एक बेट बांधून काढलं आणि त्यावर हा विमानतळ उभा केला. २००७ साली त्याच्या शेजारी, आणखी खोल पाण्यात, दुसरं बेट आणि दुसरी धावपट्टी झाली.

आता आपली भाषा बघा. आपण म्हणतो, ‘पाया भक्कम पाहिजे’. एखाद्या विद्यार्थ्याचा ‘पायाच कच्चा’ असतो. युक्तिवाद पटला नाही की त्याला आपण ‘बिनबुडाचा’ म्हणतो. या सगळ्या बोलण्यामागे एक चित्र आहे : पाया आधी घालायचा, एकदाच घालायचा, आणि तो हलता कामा नये. युरोपात देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या चिंतनात हेच चित्र घेतलं. जुन्या समजुतींची इमारत पाडायची, ज्याच्याबद्दल शंकाच घेता येणार नाही असं काहीतरी शोधायचं आणि त्यावर ज्ञानाची नवी इमारत रचायची. आपल्याकडे नैयायिकांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. याला आधार कशाचा, त्या आधाराला आधार कशाचा, असं विचारत गेलात तर शेवट लागत नाही. त्याला त्यांनी ‘अनवस्था’ हा दोष म्हटलं.

पण समजा, भक्कम पाया मिळतच नाही. मग काय करायचं? बांधायचंच नाही? की वेगळ्या रीतीने बांधायचं? आणि वेगळ्या रीतीने बांधलं तर त्याची किंमत कोण मोजतं? आजचं व्याख्यान या तीन प्रश्नांवर आहे. कान्साई हे त्याचं उदाहरण. उदाहरण नीट समजलं तर तत्त्वज्ञान आपोआप समजेल, म्हणून आधी उदाहरण जरा तपशिलात पाहू.

समुद्रात का जावं लागलं?

कोणी हौस म्हणून पाच किलोमीटर समुद्रात जाऊन विमानतळ बांधत नाही. ओसाकाचा जुना विमानतळ इतामी इथे होता, दाट वस्तीत. १९६४ साली तिथे जेट विमानं यायला लागली आणि आजूबाजूच्या लोकांचं जगणं मुश्कील झालं. घरात एकमेकांशी बोलता येईना, मुलांना झोप लागेना. १९६९ साली कावानिशी शहरातले रहिवासी न्यायालयात गेले. १९७५ साली उच्च न्यायालयाने रात्री ९ ते सकाळी ७ उड्डाणं बंद ठेवा, असा निकाल दिला. पुढे डिसेंबर १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीची मागणी मान्य केली नाही. मात्र आधी जो त्रास झाला, त्याची भरपाई लोकांना मिळाली पाहिजे, हे मान्य केलं. प्रत्यक्षात रात्री ९ नंतर इतामीत विमानं न उतरवण्याची पद्धत आजही आहे.

त्याच काळात टोकियोजवळ नारिता विमानतळाचं काय चाललं होतं, तेही लक्षात घ्या. १९६६ साली सरकारने तिथल्या शेतकऱ्यांना न विचारता जागा ठरवली. शेतकरी आणि विद्यार्थी उभे ठाकले. वर्षानुवर्षं संघर्ष चालला, दोन्ही बाजूंची माणसं प्राणाला मुकली. मार्च १९७८मध्ये आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले, तिथली यंत्रं फोडली, आणि उद्घाटन पुढे ढकलावं लागलं.

या दोन अनुभवांतून जपानने जो धडा घेतला, तो असा : जमिनीवर माणसं असतात, आणि माणसं बोलतात. समुद्रात कोणी राहत नाही. तिथे रात्रभर विमानं उतरवा, झोपमोड कोणाची होणार नाही. १९७४ साली सरकारच्या सल्लागार मंडळाने ओसाका उपसागरात, सेन्शूच्या किनाऱ्यासमोरची जागा सुचवली. जहाजबांधणी उद्योगाने तरंगत्या विमानतळाचाही प्रस्ताव ठेवला होता, पण शेवटी भराव घालायचं ठरलं.

समुद्रात कोणी राहत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

चक्क्याचं शास्त्र

१९८७ साली काम सुरू झालं. पाण्याची खोली साधारण १८ मीटर. म्हणजे पाच-सहा मजली इमारत बुडेल एवढी. ते एक वेळ चालेल. अडचण तळाशी होती. तळाला सुमारे २० मीटर जाडीचा मऊ गाळ, चिकणमाती. त्याच्याखाली त्याहून जुन्या चिकणमातीचे आणि वाळूचे एकावर एक थर, शेकडो मीटर खोलपर्यंत. अभियंत्यांनी ४०० मीटरांपर्यंत भोकं पाडून नमुने काढले. पाया टेकवावा असा खडक जवळपास नव्हताच.

हाँगकाँगने १९९८ साली चेक लाप कोकचा विमानतळ बांधला तेव्हा तिथे आधीची दोन खडकाळ बेटं होती. ती सपाट केली, भरावाखाली येणारा गाळ बराचसा उपसून टाकला. ओसाकात तसं करायला वावच नव्हता. शेकडो मीटरांची माती उपसणार कशी आणि टाकणार कुठे?

मग या मातीवर वजन ठेवलं की काय होतं? यासाठी अभियांत्रिकीचं पुस्तक उघडायची गरज नाही, स्वयंपाकघरात या. श्रीखंड करायचं असेल तर आपण दही फडक्यात बांधतो आणि टांगून ठेवतो. घाई असेल तर त्यावर पाटा किंवा वरवंटा ठेवतो. दह्यातलं पाणी हळूहळू गळतं, आणि गाठोडं आक्रसतं. शेवटी उरतो तो चक्का, घट्ट. दही कुठे गेलं नाही, फक्त पाणी गेलं. चिकणमातीचं अगदी तसंच आहे. तिच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. वर भराव घातला की सुरुवातीला ते वजन हे पाणीच तोलून धरतं. पाणी वाट काढून निघून जातं, तसतसं वजन मातीच्या कणांवर येतं, कण जवळ येतात, थर बसतो. कार्ल तेरझागी या अभियंत्याने १९२५ साली या प्रक्रियेचं गणित मांडलं आणि त्यातून मृदायांत्रिकी हे आधुनिक शास्त्र उभं राहिलं.

त्या गणितातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती फार महत्त्वाची आहे. पाण्याला बाहेर पडायला जी वाट चालावी लागते, ती निम्मी केली तर लागणारा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. वाट एक-अष्टमांश केली तर वेळ चौसष्टावा हिस्सा. म्हणून काय केलं? त्या २० मीटर मऊ गाळात वाळूचे उभे खांब घातले. जाडी साधारण ४० सेंटिमीटर, दोन खांबांतलं अंतर अडीच मीटर, आणि संख्या सुमारे १० लाख. हो, दहा लाख! हे खांब बेटाला पेलून धरत नाहीत बरं का. ते आहेत पाण्याला वाट करून देण्यासाठी. आता पाण्याला दहा मीटर वर जायचं कारण उरलं नाही. एक-दीड मीटर आडवं सरकलं की वाळू लागते, आणि वाळूतून ते सरळ वर जातं. जे व्हायला अनेक दशकं लागली असती, ते वरच्या थरापुरतं काही महिन्यांत झालं.

मग दगडांचा आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचा बांध घातला. तो १९८९ साली पुरा झाला. आत सुमारे १८ कोटी घनमीटर माती आणि दगड ओतले. भरावाची एकूण उंची तीस मीटरांच्या वर.

आता खरी मेख. वाळूचे खांब वरच्या मऊ गाळापुरतेच होते. त्याखालच्या शेकडो मीटरच्या जुन्या मातीपर्यंत ते पोचवणं शक्य नव्हतं. आणि एवढं वजन आल्यावर ती जुनी मातीही आक्रसायला लागली. तिच्यातलं पाणी किती वेगाने जाईल, मधले वाळूचे थर त्याला कितपत वाट देतील, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. काम चालू असतानाच खचण्याचा अंदाज वाढवावा लागला, आणि म्हणून भरावही आधी ठरवल्यापेक्षा उंच करावा लागला.

आजचे आकडे असे आहेत. काम सुरू झाल्यापासून पहिलं बेट सरासरी १३ मीटरांहून जास्त खचलं आहे. त्यातले साडेतीन मीटरांहून अधिक उद्घाटनानंतरचे. दुसरं बेट जास्त खोल पाण्यात आहे, त्यावर भरावही जास्त, ते १७ मीटरांहून जास्त खचलं आहे. पण वेग कमी होतो आहे. १९९४ साली पहिलं बेट वर्षाला ५० सेंटिमीटरच्या आसपास खचत होतं, आता वर्षाला ६ सेंटिमीटरच्या आसपास. चक्का जसजसा घट्ट होतो तसतसं गळणं मंदावतं, तेच हे.

खचणार हे धरून बांधणं

टर्मिनलची इमारत इटालियन वास्तुकार रेंझो पियानो यांची. लांबी तब्बल १.७ किलोमीटर. आता एवढ्या लांब इमारतीला खचण्याचं भय आहेच. पण त्याहून मोठं भय असमान खचण्याचं. सगळी इमारत एकसारखी अर्धा मीटर खाली गेली तर आतल्या माणसाला कळणारही नाही. एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त खाली गेलं, तर मात्र भिंती तडकतील, काचा फुटतील, दरवाजे लागायचे नाहीत. जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे सांगायला नको.

म्हणून इमारतीच्या सुमारे ९०० खांबांच्या तळाशी सोय ठेवली आहे. खांब किती खाली गेला याची मोजणी होत राहते. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की जॅक लावून खांब उचलायचा, खाली लोखंडी पत्रा सरकवायचा आणि जॅक काढून घ्यायचा. पुन्हा मोजायचं, पुन्हा उचलायचं. चारचाकीचं चाक बदलताना आपण करतो त्याच जातीचं काम. फक्त इथे ते कधीच संपत नाही.

इथे थोडं थांबू. या अभियंत्यांना किती खचेल हे अचूक माहीत नव्हतं. त्यांना एवढं मात्र माहीत होतं की आपल्याला अचूक माहीत नाही. आणि त्यांनी हे न जाणणं इमारतीच्या रचनेतच घातलं. सॉक्रेटिसबद्दल आपण शिकवतो की आपल्याला काय कळत नाही हे कळणं, हे त्याचं शहाणपण. तेच शहाणपण इथे लोखंडी पत्र्यांच्या रूपात दिसतं, असं मला वाटतं.

ऑटो न्यूराथ नावाच्या ऑस्ट्रियन तत्त्ववेत्त्याने ज्ञानासाठी एक वेगळी उपमा दिली होती. आपण सगळे भर समुद्रात एका जहाजावरचे खलाशी आहोत. जहाज दुरुस्त करायचं आहे, पण ते गोदीत नेऊन तळापासून नव्याने बांधायची सोय नाही. एक फळी काढायची तर बाकीच्या फळ्यांवर उभं राहूनच. देकार्त म्हणतो आधी भक्कम पाया, मग इमारत. न्यूराथ म्हणतो तसा पाया कधी मिळत नाही, चालत्या जहाजाची डागडुजी करत राहणं एवढंच हातात असतं. कान्साईचं बेट हे न्यूराथच्या जहाजाचं दगडमातीतलं रूप आहे.

दोन परीक्षा

पण थांबा, एवढ्यावर खूश होऊ नका. या बेटाच्या दोन मोठ्या परीक्षा झाल्या आणि दोन्हींचे निकाल वेगवेगळे आहेत.

पहिली १७ जानेवारी १९९५ची. विमानतळ सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते आणि कोबेचा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. कोबे शहरातलं पोर्ट आयलंड हेही भराव घालून केलेलं बेट. तिथली जमीन हादऱ्याने पातळ झाली, चिखल वर आला, धक्के सरकले. कान्साईचा विमानतळ मात्र टिकला, टर्मिनलच्या काचासुद्धा शाबूत राहिल्या. इमारतीचे भाग एकमेकांपासून थोडे सरकू शकतील अशी रचना होती. खचण्याला आणि हलण्याला जी मोकळीक दिली होती, ती भूकंपात कामी आली.

दुसरी परीक्षा ४ सप्टेंबर २०१८ची. तारीख ओळखलीत? उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं झाली होती. जेबी नावाचं चक्रीवादळ ओसाका उपसागरात शिरलं. ओसाका इथे समुद्राची पातळी ३.२९ मीटरपर्यंत चढली. १९६१ सालच्या वादळातला २.९३ मीटरचा जुना उच्चांक मोडला. लाटा पहिल्या बेटाचा बांध ओलांडून आत आल्या. धावपट्टी पाण्याखाली गेली, टर्मिनलच्या तळघरात पाणी घुसलं. आणि विजेची महत्त्वाची यंत्रणा त्या तळघरातच होती! त्याच वेळी जवळ नांगरलेलं एक तेलवाहू जहाज वाऱ्याने फरफटत येऊन पुलावर आदळलं. बेटाला जमिनीशी जोडणारा तो एकमेव पूल. हजारो प्रवासी आणि कर्मचारी ती रात्र अंधारात बेटावर अडकून पडले.

यातून काय घ्यायचं? बेट खचत होतं, ते सगळ्यांना माहीत होतं, त्यावर रोज लक्ष होतं. पण बेट खाली जातं तसा त्याचा बांधही खाली जातो, आणि समुद्र तर आपल्या जागी आहे. किंबहुना तोही वर येतो आहे. जी गोष्ट आपण रोज मोजतो, तिच्यावर आपला ताबा आहे असं वाटायला लागतं. धोका मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या की होतो. खचणं एकीकडे मोजलं जात होतं, वादळाचा विचार दुसरीकडे झाला होता, आणि विजेची यंत्रणा तळघरात तशीच राहिली होती. न्यूराथच्या जहाजावर एक फळी दुरुस्त करताना बाकीच्या फळ्या सांभाळतील हा भरवसा लागतो, आणि तो भरवसाही तपासत राहावा लागतो. वादळानंतर बांध उंच केले गेले, विजेची यंत्रणा पाण्यापासून सुरक्षित करण्याचं काम हाती घेतलं गेलं. म्हणजे पुन्हा डागडुजी.

किंमत कोणाची?

आता त्या वाक्याकडे परत येऊ. समुद्रात कोणी राहत नाही. खरं आहे का हे?

ओसाकाच्या उपसागरात मासेमारी चालत होती. मच्छीमारांचे पाण्यावर हक्क होते, आणि त्यांच्याशी वाटाघाटी करून, भरपाई देऊनच काम सुरू करता आलं. म्हणजे समुद्रात घरं नव्हती, पण संसार समुद्रावर चालत होते. पुढे बेटाभोवतीचा बांध बऱ्याच भागात उतरता ठेवला, त्यावर सागरी शेवाळं वाढवलं, तिथे मासेमारीला बंदी असल्यामुळे मासे वाढले, ही चांगली गोष्ट. तरी हक्क गेला तो गेलाच.

आणि १८ कोटी घनमीटर माती आली कुठून? डोंगर फोडून. आवाजी बेटावर जिथून माती खणून नेली होती, तो उघडाबोडका उतार कित्येक वर्षं तसाच पडून होता. पुढे तादाओ आंदो या वास्तुकाराने तिथे पुन्हा झाडं लावून, पायऱ्यापायऱ्यांचे शंभर फुलांचे वाफे करून एक सुंदर ठिकाण तयार केलं. लोक ते आवर्जून बघायला जातात. पण ती फुलं ज्या खाचेत आहेत, ती खाच म्हणजे विमानतळाची दुसरी बाजू.

पैशाचं बघा. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे दीड लाख कोटी येन. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीवर एक लाख कोटी येनहून अधिक कर्ज. ते फेडायचं तर विमानांकडून उतरण्याचं शुल्क जास्त घ्यावं लागलं, आणि शुल्क जास्त म्हणून विमानकंपन्या नाराज. शेवटी २०१६ साली विमानतळ चालवण्याचे हक्क ४४ वर्षांसाठी खासगी समूहाला दिले. तो करार २०६० साली संपेल. करारात तारीख असते. मातीच्या खचण्याला अशी तारीख नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत, की शोकांतिका, ते तुम्ही ठरवा. इतामीचा विमानतळ ज्यासाठी बंद करायचा होता, तो बंद झालाच नाही! नवा विमानतळ तयार होत असताना जुन्याच्या आसपासची मंडळी म्हणायला लागली, आमचा रोजगार, आमचा व्यापार यावर अवलंबून आहे, तो राहू द्या. विमानांचा आवाजही आधीपेक्षा कमी झाला होता. १९९० साली इतामी चालू ठेवायचं ठरलं. एवढंच कशाला, २००६ साली कोबेने स्वतःचं तिसरं विमानतळ केलं, तेही कृत्रिम बेटावर. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बेट बांधलं, तो प्रश्न बेट होईपर्यंत बदलून गेला होता. जमीन हलते हे अभियंत्यांनी ओळखलं होतं. माणसांच्या गरजाही हलतात, याची मात्र तितकी तरतूद नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पाया ही एकदा घालून विसरायची वस्तू आहे, ही समजूत आपण सोडायला हवी. मऊ मातीवर बांधायला हरकत नाही. माणसं नेहमीच तसं बांधत आली आहेत. पण जो मऊ मातीवर बांधतो, तो पुढच्या पिढ्यांना कामाला लावतो. कोणीतरी मोजत राहणार, उचलत राहणार, बांध वाढवत राहणार. त्यांची संमती आपण घेतलेली नसते, घेता येतही नाही. मग निदान एवढं तरी करायला हवं, की हे काम त्यांच्यासाठी आपण ठेवून जातो आहोत हे आज मोकळेपणाने सांगायचं आणि त्याचा खर्च आजच्या हिशेबात धरायचा.

हा प्रश्न आता आपल्या किनाऱ्यावरही आला आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण इथे मोठं बंदर होतं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. त्याच्या जवळ समुद्रात भराव घालून मुंबईसाठी आणखी एक विमानतळ करण्याची कल्पना राज्य सरकारने मांडली आहे. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, आणि तिथल्या मच्छीमारांनी बंदराला अनेक वर्षं विरोध केला आहे. व्हावं की होऊ नये, याचा निकाल मी या व्याख्यानातून देणार नाही. तिथला तळ ओसाकासारखाच असेल असंही नाही. प्रत्येक समुद्राची माती वेगळी. पण चर्चा होईल तेव्हा ‘किती कोटी’ आणि ‘किती रोजगार’ यांच्याबरोबर आणखी काही प्रश्न आपण विचारू शकतो. ही जमीन किती खचेल, आणि तो अंदाज चुकला तर काय करायची सोय ठेवली आहे? डोंगर कुठले फुटणार? ‘इथे कोणी राहत नाही’ असं म्हणताना कोणाला मोजलेलं नाही? आणि पन्नास वर्षांनी जॅक कोण लावणार?

एका श्रोत्याचा प्रश्न

प्रश्न आला आहे : ‘सर, हा विमानतळ एक दिवस समुद्रात बुडेल का?’

चांगला प्रश्न आहे, आणि बरेच जण तो सनसनाटी बातमी वाचून विचारतात. लक्षात घ्या, खचण्याचा वेग बराच कमी झाला आहे, त्यामुळे उद्या-परवा काही होणार नाही. पण कोणी काही केलंच नाही, असं धरलं, तर खाली जाणारी जमीन, वर येणारा समुद्र आणि एखादं मोठं वादळ, यांची गाठ कधीतरी पडेल. २०१८ साली तिची चुणूक दिसली. म्हणून ‘बुडेल का’ याचं उत्तर मातीच्या शास्त्रात अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं, तिथले लोक आणखी किती काळ काळजी घेत राहायला तयार आहेत, यावर आहे. आणि त्या इच्छेचं गणित कुठल्या तेरझागीने अजून मांडलेलं नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण न्यूराथच्या जहाजावर सविस्तर बोलू. तोवर तुमच्या घराच्या, संस्थेच्या किंवा गावाच्या एखाद्या ‘पायाचा’ विचार करून ठेवा. तो शेवटचा कोणी तपासला होता, ते विचारून बघा.